काळ्या गाळातला नांगर धुण्यासाठी: शिडाच्या छोट्या होडीवर पंप, नळी आणि वायर कशी जोडावी

खानदेशात ‘नांगर धुवायला पंप हवा आहे’ असे कोणालाही सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टर उभा राहतो. जळगावच्या एका पंपाच्या दुकानात माझे हेच झाले. दुकानदाराने मोठ्या अगत्याने गाड्या धुण्याचा पंप दाखवला आणि ‘नांगर दोन फाळी आहे की तीन फाळी?’ असे विचारले. माझा नांगर दहा किलोचा आहे, तो आठ मिलिमीटरच्या साखळीला बांधलेला असतो आणि शिडाची होडी पाण्यात एका जागी धरून ठेवणे एवढेच त्याचे काम आहे, हे त्यांना पटवून द्यायला थोडा वेळ लागला. तरी त्यांची समजूत अगदीच चुकीची नव्हती, कारण दोन्ही नांगरांना चिकटणारी माती एकच असते.

हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवजवळ तापी आणि पूर्णा एकत्र येतात, तिथल्या तळाशी ही माती साचलेली आहे. पूर्णा अकोला-बुलढाण्याच्या काळ्या रानातून वाहत येते आणि दर पावसाळ्यात त्या रानाचा एक थर सोबत घेऊन येते. बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि लोखंडाला असे बिलगते की नुसते पाण्यात हलवून सुटत नाही. अशा तळातून वीस मीटर साखळी वर ओढली की प्रत्येक कडीच्या पोटात गाळाचा एकेक गोळा बसलेला असतो. ती तशीच होडीच्या पुढच्या कप्प्यात टाकली, तर कप्प्याच्या तळाचे निचऱ्याचे भोक बुजते, आत ओल राहते, कडीवरचा जस्ताचा मुलामा लवकर जातो आणि आठ दिवसांनी कप्पा उघडला की येणारा वास दुसऱ्या दिवशीही नाकातून जात नाही.

हा लेख अठरा ते पंचवीस फुटांची होडी पहिल्यांदाच पाण्यात घालणाऱ्यांसाठी आहे. समुद्रावरच्या होड्यांवर कामाला जाणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांनाही तो उपयोगी पडेल. खाऱ्या पाण्यामुळे जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. धरणाच्या पाण्यात होडी घालण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी घ्यावी आणि दरवाजांच्या बाजूला कधीही फिरकू नये, हे इथे एकदाच सांगून मूळ विषयाकडे वळतो.

आधी बादली, मग पंप

पहिल्या दोन-तीन फेऱ्या बादली आणि लांब दांड्याच्या ब्रशवरच काढाव्यात. यात काटकसरीपेक्षा ओळख करून घेण्याचा भाग अधिक आहे. आपण जिथे नांगर टाकतो तिथला तळ वाळूचा आहे की गाळाचा, साखळीचा किती भाग माखून येतो, ती वर ओढायला किती वेळ लागतो, हे कळल्याशिवाय किती क्षमतेचा पंप घ्यावा हे ठरत नाही. वाळूच्या तळावर नांगर टाकणाऱ्याला पंपाची गरजच नसते. नांगर पाण्यात चार वेळा खालीवर केला की काम होते. चिकणगाळात मात्र बादलीवाल्याची कंबर दुसऱ्याच दिवशी बोलू लागते.

पंप: दाबाला भुलू नये

आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी बॅटरीवरचा फवारणी पंप असतो आणि तोही बारा व्होल्टचाच असतो, त्यामुळे ‘हाच का नाही चालणार?’ हा प्रश्न सर्वांनाच पडतो. मीही तो लावून पाहिला. दाब भरपूर मिळाला, पण मिनिटाला तीन-चार लिटर पाण्याने काळ्या गाळात फक्त रेघा उमटल्या. नोझलसमोरचा बोटभर भाग स्वच्छ होतो आणि सुटलेला चिखल खालच्या कडीवर जाऊन बसतो, कारण त्याला वाहून नेण्याइतके पाणीच नसते. याउलट होडीच्या तळातले पाणी उपसण्याचा बिल्ज पंप भरपूर पाणी टाकतो, पण त्याच्या पाण्याला जोर नसतो. नळीच्या टोकाला नोझल लावताच त्याची धार मरते.

आपल्याला या दोघांच्या मधला पंप हवा. होडीच्या सामानात ‘वॉशडाउन पंप’ या नावाने मिळणारा पंप डायफ्रॅमचा, म्हणजे आत हलणाऱ्या लवचीक पडद्याचा असतो आणि स्वतःच पाणी ओढून घेतो. त्याला प्रायमिंग, म्हणजे सुरू करण्याआधी आत पाणी भरणे, करावे लागत नाही. मिनिटाला पंधरा ते एकोणीस लिटर पाणी आणि साधारण चार किलोचा (चौरस सेंटिमीटरला चार किलो) दाब एवढे आपल्या कामाला पुरते. ठिबकवर काम केलेल्यांना अंदाज यावा म्हणून सांगतो, ठिबकच्या लॅटरलमध्ये, म्हणजे ओळीतल्या बारीक नळीत, आपण एक किलोच्या आसपास दाब ठेवतो. हा त्याच्या चौपट झाला. पंपाच्या डोक्यावर प्रेशर स्विच असतो. नोझल बंद केले की दाब वाढून पंप आपोआप थांबतो, नोझल उघडले की सुरू होतो. ही सोय मोठी आहे आणि तीच एकदा मला महागात पडली. ती हकिकत पुढे येईल.

पाणी ओढणारी बाजू

माझ्या अनुभवात या व्यवस्थेतले दहापैकी आठ बिघाड पंपाच्या आधी, म्हणजे सक्शनच्या बाजूला असतात. विहिरीवर मोटर बसवणाऱ्या कोणत्याही खानदेशी माणसाला हे नव्याने सांगावे लागू नये. फूट व्हॉल्व्ह, म्हणजे नळीच्या पाण्यातल्या टोकाची एकतर्फी झडप, गळका असेल किंवा सांध्यातून हवा ओढली जात असेल, तर कितीही अश्वशक्तीची मोटर नुसती गुरगुरत राहते. होडीवरही नेमके तेच घडते.

पाणी कुठून घ्यायचे हा पहिला निर्णय. कायमची पद्धत म्हणजे होडीच्या तळाला भोक पाडून तिथे फिटिंग बसवणे आणि त्याच्या आत लगेच बंद करता येईल असा व्हॉल्व्ह देणे. नवख्या माणसाने स्वतः हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाण्याच्या पातळीखालचे भोक चुकले तर ते दुरुस्त करायला होडी बाहेर काढावी लागते, आणि आपल्याकडे त्यासाठी क्रेनपासून सगळी तयारी करावी लागते. दुसरा मोह असतो तो इंजिन थंड ठेवण्यासाठी जे पाणी आत येते, त्याच नळीला टी (तीन तोंडांचा सांधा) जोडून पंपाला पाणी देण्याचा. तो कटाक्षाने टाळावा, कारण नांगर उचलतानाच इंजिन चालू असते, त्याच वेळी पंप त्याचे पाणी पळवतो आणि टीच्या सांध्यातून हवा शिरली तर इंजिन तापते.

म्हणून सुरुवातीला मी सुचवतो ती पद्धत साधी आहे. पंप होडीच्या पुढच्या भागात कोरड्या जागी बसवावा आणि सक्शनची नळी काठावरून बाहेर पाण्यात सोडावी. लहान होडीचा पुढचा डेक पाण्यापासून मीटरभर उंच असतो आणि असे पंप साधारण दीड-दोन मीटरवरून पाणी सहज ओढतात. नेमका आकडा पंपासोबतच्या पुस्तिकेत पाहावा. नळीच्या टोकाला लहान फूट व्हॉल्व्ह आणि जाळी लावावी, आणि टोक वर तरंगू नये म्हणून हातभर अंतरावर शिशाचा किंवा लोखंडाचा तुकडा बांधावा. टोक पाण्यात हात-दोन हात खाली राहिले पाहिजे. फार वर राहिले तर लाटेबरोबर हवा ओढते, आणि तळाला टेकले तर जो गाळ धुवायचा तोच पंपात येतो.

नळी निवडताना सर्वात जास्त चुका होतात. बागेत पाणी द्यायची मऊ नळी सक्शनला लावली की पंप सुरू होताच ती चपटी होते, कारण आतले पाणी ओढले गेल्याने बाहेरची हवा तिला दाबते. आत ताठ सर्पिल कडे असलेली सक्शन नळीच हवी. ती आपल्याकडे कृषी साहित्याच्या कोणत्याही दुकानात मीटरवर मिळते. पंपाचे तोंड अर्धा इंची असले तरी नळी पाऊण इंची घ्यावी आणि ती होईल तितकी आखूड ठेवावी. सांध्यांवर टेफ्लॉन टेप आणि प्रत्येक टोकाला होज क्लिप लावावी. होडीच्या तळातून पाणी घेणारी कायमची जोडणी असेल तर पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक टोकाला दोन क्लिपा असाव्यात. क्लिपेचा पट्टा स्टीलचा आणि स्क्रू मात्र साध्या लोखंडाचा, असा माल बाजारात बराच असतो. खिशात चुंबक घेऊन दुकानात जावे. स्क्रूला चुंबक घट्ट चिकटले तर ती क्लिप तिथेच ठेवावी. समुद्रासाठी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलखेरीज काहीही घेऊ नये.

पंपाच्या आधी फिल्टर हवाच, आणि इथे ठिबकवाल्यांची सवय आड येते. केळीच्या बागेत आपण १२० मेशचा (इंचाला १२० भोके असलेल्या जाळीचा) स्क्रीन फिल्टर लावतो, कारण पुढे ड्रीपरची बारीक वाट असते. तोच फिल्टर घरात पडलेला आहे म्हणून मी सक्शनला लावला आणि शेवाळाने तो तीन मिनिटांत गच्च झाला. पंप चालू, आवाज बदललेला, आणि नोझलमधून फुसफुस. नांगर धुण्याच्या नोझलला इतके स्वच्छ पाणी लागतच नाही. डायफ्रॅमच्या झडपेखाली खडा किंवा काडी अडकू नये एवढाच या फिल्टरचा उद्देश असतो, म्हणून ४० ते ५० मेशची जाळी पुरते. फिल्टरची वाटी पारदर्शक असावी आणि ती हात पोहोचेल अशा ठिकाणी बसवावी. वाटीत बुडबुडे दिसले की हवा फिल्टरच्या आधीच्या सांध्यातून येते आहे, असे समजावे.

वायर: कंजुषी इथे करू नये

बॅटरी होडीच्या मागच्या भागात आणि पंप पुढे, असे बहुतेक होड्यांवर असते. घरी पंख्या-दिव्यांसाठी आणलेली अडीच स्क्वेअरची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर उरलेली असते आणि ती वापरण्याचा मोह होतो. बारा व्होल्टवर हे चालत नाही, आणि का चालत नाही हे एकदा कागदावर मांडून पाहावे. पंप पंधरा अँपिअर घेतो आणि बॅटरीपासून तो सहा मीटरवर आहे असे धरू. जाणे-येणे मिळून वायर बारा मीटर झाली. एक मीटर लांब आणि एक स्क्वेअर मिलिमीटर जाड तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७५ ओहम असतो. अडीच स्क्वेअरमध्ये बारा मीटरचा रोध ०.०८४ ओहम येतो आणि पंधरा अँपिअरला सव्वा व्होल्ट वाटेतच संपतो. चार स्क्वेअरमध्ये सुमारे ०.८, सहामध्ये ०.५ आणि दहा स्क्वेअरमध्ये ०.३ व्होल्ट जातो. तीन टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे बारा व्होल्टला ०.३६ व्होल्टपेक्षा जास्त घट होऊ नये असा चांगला नियम आहे. तो पाळायचा तर दहा स्क्वेअरची वायर लागते. सहावर पंप चालतो, पण थोडा मंद. अडीचवर तो रडत चालतो, वायर कोमट होते आणि आपण दोष पंपाला देत बसतो.

वायर बारीक तारांची, लवचीक घ्यावी. समुद्रासाठी कथिलाचा मुलामा असलेली. टोकांना थिंबल (धातूच्या टोप्या) क्रिम्प करावेत, म्हणजे पकडीने दाबून घट्ट बसवावेत, नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळू नये. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच बसवावा. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. पंपाजवळ लावला तर बॅटरीपासून पंपापर्यंतची सगळी वायर संरक्षणाविना राहते आणि ती कुठे घासून टेकली तर आग लागायला तेवढे पुरते. किती अँपिअरचा फ्यूज हे पंपाच्या पुस्तिकेत दिलेले असते. याशिवाय, नांगर ओढणाऱ्याच्या हाताशी झाकणाचा जलरोधक स्विच द्यावा.

बॅटरी उतरेल अशी भीती बाळगू नये. पंधरा अँपिअरने दहा मिनिटे पंप चालला तर अडीच अँपिअर-तास खर्च होतात, आणि तोवर इंजिनही चालू असते.

धार सोडणारी बाजू

इथे फारसे काही नाही. आत जाळीचे विणकाम असलेली अर्धा इंची पीव्हीसी नळी घ्यावी, ती होडीच्या पुढच्या टोकापलीकडे दोन हात जाईल एवढी लांब असावी, आणि टोकाला दाबले की सुरू होणारी गन लावावी. पितळी गन प्लॅस्टिकपेक्षा महाग पडते, पण डेकवर चार वेळा पडूनही टिकते. नळी मात्र उन्हात ठेवू नये. भुसावळच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, डेकवर राहिलेली नळी एका मोसमात कडक होऊन तडकते.

चाचणी काठावरच घ्यावी

सगळे जोडून झाल्यावर पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलमधले घड्याळ घ्यावे. गन काढून मोकळ्या नळीने बादली भरावी. मिनिटभरात किंवा त्याआधी भरली तर जोडणी बरोबर आहे. दीड मिनिट लागत असेल तर पंप चालू असतानाच त्याच्या टोकांवर मल्टिमीटर धरून व्होल्टेज पाहावे. ते साडेअकराच्या खाली असेल तर दोष वायरीत, सांध्यांत किंवा बॅटरीत आहे. बॅटरीच्या टोकांवरही मोजले की नेमके कुठे ते कळते. व्होल्टेज चांगले असेल तर सक्शन तपासावे. त्यानंतर गन लावून बंद ठेवावी. पंप काही सेकंदांत थांबला पाहिजे आणि थांबलेलाच राहिला पाहिजे. दर अर्ध्या मिनिटाला तो ‘घुर्र’ करून पुन्हा थांबत असेल, तर पाणी कुठेतरी गळते आहे किंवा पंपाच्या झडपेत कण अडकला आहे.

प्रत्यक्ष नांगर उचलताना

हे काम दोघांचे आहे. एकाने ओढायचे, दुसऱ्याने धुवायचे. इंजिन मंद चालू ठेवून होडी हळूच नांगराच्या दिशेने न्यावी, म्हणजे साखळी सैल पडते आणि ओढणाऱ्यावर भार येत नाही. आठ मिलिमीटरची साखळी मीटरला साधारण दीड किलो भरते. वीस मीटरचे तीस किलो, आणि गाळ वेगळाच. पण तो सगळा भार एकाच वेळी हातावर नसतो, फक्त लटकलेल्या भागाचाच असतो.

धुणाऱ्याने गन डेकवर आलेल्या साखळीकडे रोखू नये. ती काठाबाहेर काढून, साखळी ज्यावरून आत येते त्या रोलरच्या खाली लटकलेल्या भागावर वरून खाली तिरकी मारावी, म्हणजे गाळ जिथून आला तिथेच, पाण्यात पडतो. एका वेळी हातभर साखळी वर घ्यावी, थांबावे, दोन्ही बाजूंनी धार फिरवावी, मग पुढची हातभर. कडीच्या पोटातला गोळा निघतो तेव्हा तो एकदम, ढेकूळ सुटावे तसा सुटतो आणि खाली ‘डुबुक’ असा आवाज येतो. हा आवाज यायला लागला की वेग बरोबर आहे. नांगर पाण्याच्या पृष्ठभागाशी आला की तिथेच थांबून त्याच्या पात्याच्या दोन्ही बाजू, दांडा आणि साखळी जोडणारी शॅकल यांवर धार मारावी. पात्याच्या आतल्या कोनातला गाळ धारेने निघत नाही. त्याला ब्रशचे टोकच लागते. शेतकरी फाळाची माती काडीने काढतो, तसेच. नांगर पुरता वर आल्यावर शॅकलची पिन तारेने बांधलेली आहे का, हेही लगेच पाहून घ्यावे; धुतल्याशिवाय ती दिसत नाही. या सगळ्या वेळात धुणाऱ्याने धार ओढणाऱ्याच्या बोटांपासून दूर ठेवावी, आणि ओढणाऱ्याने हातमोजे घालावेत.

समुद्रात हीच रीत आहे. साखळी खाऱ्या पाण्याने धुवायला हरकत नाही, कारण ती त्यातच असते. पंप मात्र नंतर बादलीभर गोड्या पाण्यावर मिनिटभर चालवून घ्यावा.

काम झाल्यावर

आता ती हकिकत. एका हिवाळी दुपारी नांगर धुऊन आम्ही होडी घाटाजवळ बांधली, नळी साखळीच्या कप्प्यात गुंडाळून ठेवली, सक्शनची नळी बाहेर पाण्यातच राहिली आणि चांगदेवला जेवायला गेलो. पंपाचा स्विच मी बंद केला नव्हता. गन बंद असल्याने पंप थांबलेला होता आणि मला तो बंद वाटला. आम्ही जेवत असताना गनजवळची क्लिप सैल पडून नळी निसटली. दाब गेला, प्रेशर स्विचने आपले काम केले आणि पंप नदीचे पाणी निष्ठेने कप्प्यात भरत राहिला. कप्प्याचे निचऱ्याचे भोक मागच्या वेळच्या गाळाने अर्धे बुजलेले होते. तिथे जाळे सुकवत बसलेल्या एका नानांनी पोरगा पाठवून निरोप दिला, ‘भाऊ, तुमची होडी पाणी पिऊन राहिली.’ आम्ही धावत आलो तेव्हा होडीचे नाक वीतभर खाली गेलेले होते. आणखी दोन तासांनी काय झाले असते, याचा हिशेब मी त्या रात्री केला आणि मग कोणाला सांगितला नाही.

तेव्हापासून आमच्या होडीवर क्रम ठरलेला आहे. नांगर जागेवर बांधला की आधी स्विच बंद करायचा, मग गन दाबून नळीतला उरलेला दाब सोडून द्यायचा, त्यानंतर सक्शनची नळी वर ओढून फिल्टरची वाटी रिकामी करायची आणि शेवटी कप्प्यात बादलीभर पाणी ओतून ते बाहेर पडते का ते पाहायचे. स्विचशेजारी एक लाल दिवाही लावला. पंपापर्यंत वीज पोहोचत असेल तोवर तो पेटलेला राहतो आणि घाटावरूनही दिसतो.

पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले जातात आणि पाण्याची ओढ वाढते, म्हणून जून लागण्याआधी होडी आम्ही बाहेर काढतो. त्या वेळी पंप उतरवून घरी आणावा, स्वच्छ पाण्यावर दोन मिनिटे चालवावा आणि डोके उघडून झडपा पाहाव्यात. झडपेच्या रबरावर काळ्या मातीची पातळ साय बसलेली दिसते. ती जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने काढावी. चाकूने खरवडली तर रबराला चिरा पडतात आणि पुढच्या मोसमात पंप थांबायचे नाव घेत नाही.